कुठेही न जाणारे धावणे



पहाटे पाच वाजता धर्मगुरू रस्त्याने धावताना दिसला तर काय समजावे? आपल्या गावात याचा एकच अर्थ होतो: कोणीतरी शेवटच्या घटका मोजत आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही धावायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच आठवड्यात याचा प्रत्यय आला. बावखलाजवळच्या वळणावर एक आजोबा केळीच्या वाडीला पाणी सोडायला निघाले होते. आम्हांला पाहताच ते थांबले, डोक्यावरची टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि हलक्या आवाजात विचारले, "कोण गेलं, फादर?"

"कोणी नाही, आजोबा."

"मग निघालात कुठे?"

"कुठे नाही. सहज धावतोय. चर्चपासून निघालो, चर्चलाच परत जाणार."

आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "जिथून निघालात तिथेच परत? मग निघालात कशाला?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. मोठमोठ्या प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षा दिल्या. पण इतका सरळ प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र आमच्याबरोबर धावत राहिला.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. त्यात उदात्त असे काही नव्हते. रक्तातील साखर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून दटावले होते. वय त्रेचाळीस. घंटाघराच्या पायऱ्या चढताना धाप लागत होती. पहिल्या दिवशी चर्चच्या फाटकापासून निघालो आणि विजेच्या चौथ्या खांबाला हात टेकून उभे राहिलो. मग दोन खांब चालायचे, एक धावायचा, असे सुरू केले. तुमच्यापैकी कोणाला सुरुवात करायची असेल तर अनुभवाचे दोन शब्द: बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. आणि अंगात जोर आला म्हणून लगेच अंतर वाढवू नये. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण स्नायूबंध आणि हाडे यांना महिनोन्‌महिने लागतात. आम्ही हे ऐकले नाही आणि नडगीच्या दुखण्याने पंधरा दिवस लंगडत मिस्सा केली.

ते पहिले दोन महिने आम्ही केवळ भीतीने धावलो. भीती माणसाला अंथरुणातून उठवते, यात शंका नाही. पण ती फार दिवस उठवत नाही. साखरेचा आकडा सुधारला की भीती ओसरते आणि गजर बंद करायला हात आपोआप जातो. त्यानंतरही एखादा माणूस पहाटे उठून धावत असेल, तर त्याला दुसरे काहीतरी सापडलेले असते.

आम्हांला ते सापडले ते एका डिसेंबरच्या पहाटे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतो. वाड्यांमधून बायका कपाळाला विजेरी बांधून फुले खुडत होत्या. सकाळच्या गाडीने ती दादरला जायची होती. सुरूच्या झाडांमधून वारा येत होता. आणि अचानक लक्षात आले, की गेली दहा-पंधरा मिनिटे आपण श्वासाकडे, पायांकडे किंवा किती उरले याकडे लक्षच दिलेले नाही. आपण नुसते धावत आहोत, आणि बरे वाटते आहे. शास्त्रज्ञ याचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिन नावाच्या द्रव्यांना देत असत. अलीकडे ते म्हणतात, की शरीर स्वतःच भांगेतील द्रव्यासारखी काही द्रव्ये तयार करते आणि हा आनंद बहुधा त्यांचा असावा. (ही माहिती युवकांच्या सभेत देताना आम्ही जरा जपूनच दिली!) पण द्रव्य कोणतेही असो, प्रश्न उरतोच. हा आनंद मागून मिळत नाही. तो मिळावा म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच रस्त्याने धावलो, तर फक्त घाम आला.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दहाव्या पुस्तकात सुखाबद्दल जे लिहिले आहे ते सेमिनरीत पाठ केले होते. कळले ते त्या रस्त्यावर. त्याचे म्हणणे असे, की सुख ही कृतीच्या शेवटी मिळणारी मजुरी नव्हे. कृती नीट जमू लागली की तिच्यावर सुख आपसूक येते, जशी भर वयातल्या माणसावर टवटवी येते. टवटवी कोणी ठरवून आणू शकत नाही. गंमत अशी, की हाच ॲरिस्टॉटल दुसरीकडे कृतींचे दोन प्रकार करतो. पाहणे किंवा विचार करणे या कृती प्रत्येक क्षणी पूर्ण असतात. घर बांधणे किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जाणे या कृती मुक्कामाला पोचेपर्यंत अपुऱ्या असतात. म्हणजे धावणे त्याच्या हिशेबाने अपुऱ्या प्रकारात गेले! पण फाटकातून निघून त्याच फाटकात परत येणाऱ्या धावणाऱ्याला त्याने कोणत्या रांगेत बसवले असते? त्याला मुक्कामच नाही. मग त्याची प्रत्येक पावली पूर्ण असली पाहिजे, नाहीतर सगळ्याच फुकट. केळीच्या वाडीतले आजोबा नेमके हेच विचारत होते.

त्या आजोबांशी पुढे ओळख वाढली. एकदा ते म्हणाले, "आम्ही पण धावायचो, फादर. डोक्यावर भाजीची पाटी. गाडी चुकली की दिवस गेला." त्यांना धावण्याची हौस करणे परवडणारे नव्हते. हे आम्ही धावणाऱ्यांनी विसरू नये. 'हौशी' या शब्दाला इंग्रजीत जो शब्द आहे, 'ॲमॅच्युअर', त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'प्रेम करणारा' असा आहे. अर्थ सुंदर, इतिहास तितका सुंदर नाही. १८६६ साली लंडनमध्ये हौशी धावपटूंची जी संस्था निघाली, तिच्या नियमात कारागीर आणि मजूर यांना हौशी मानायचे नाही असे कलम होते. अंगमेहनत करणाऱ्याला प्रेम करण्याचा अधिकार नाही, असाच त्याचा अर्थ! ते कलम १८८० मध्ये गेले. आणि १८९६ साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली ती स्पिरिडॉन लुईस नावाच्या माणसाने. तो मारूसी गावाहून अथेन्सला पाणी वाहून नेत असे. त्या शर्यतीनंतर तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

आमचे मात्र असे झाले नाही. आम्ही शर्यतीत उतरलो आणि अडकलो.

भाच्याने वाढदिवसाला मनगटी घड्याळ दिले. अंतर, वेग, हृदयाचे ठोके, सारे त्यात दिसते. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते आहे, आपली वसई-विरारची २०११ पासून. धर्मग्रामातील युवकांबरोबर आम्हीही अर्ध्या मॅरेथॉनमध्ये नाव घातले. एकवीस किलोमीटर आणि वर थोडे. लागले दोन तास एकतीस मिनिटे. गळ्यात पदक पडले आणि घरी येईपर्यंत मनात एकच विचार: अडीच तासांच्या आत का नाही? एका मिनिटासाठी सारी सकाळ नासली. पुढे वाचनात आले, की मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या जवळजवळ एक कोटी नोंदी काही अभ्यासकांनी तपासल्या आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन तास, चार तास अशा पूर्ण आकड्यांच्या अलीकडे माणसांची गर्दी आणि पलीकडे लगेच ओहोटी. म्हणजे हा रोग एकट्या आमचा नाही. संत पौल ज्या करिंथ शहरातल्या भाविकांना शर्यतीचा दाखला देत होता, त्या शहराजवळच्या क्रीडास्पर्धांत विजेत्याला पानांचा मुकुट मिळत असे. तो सुकून जायचा. आमचे पदक खाऱ्या वाऱ्याने सहा महिन्यांत काळे पडले.

१९७३ साली अमेरिकेत लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी रंग पुन्हा समोर ठेवले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांपेक्षा खूपच कमी वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांची आवड कमी झाली नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण हजेरीबद्दल बक्षिसे देतो, त्या शिक्षकांनी यावर विचार करावा. आम्हीही करीत आहोत.

आता जे सांगणार आहोत ते सांगावे की नाही, यावर बरेच दिवस घालवले.

गेल्या वर्षी जानेवारी महिन्यात आम्ही शर्यतीची तयारी करीत होतो. मोबाईल खिशात जड होतो म्हणून खोलीत ठेवून जायचो. एके पहाटे घड्याळात तेरा किलोमीटर झाले तेव्हा आम्ही चर्चच्या फाटकासमोरून जात होतो. ठरवले होते पंधरा. आत, धर्मगुरूंच्या निवासासमोर, एक मोटरसायकल उभी होती, तिचा दिवा चालू होता. आम्हांला ती दिसली. हे नीट लिहितो: दिसली. मनात आले, मिस्सासाठी नाव द्यायला कोणी आले असेल. इतक्या पहाटे मिस्सासाठी नाव द्यायला कोणी येत नाही, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आम्ही उरलेले दोन किलोमीटर पूर्ण केले.

आलो तेव्हा मोटरसायकल गेलेली होती. मुलगा वडिलांसाठी तैलाभ्यंग द्यायला धर्मगुरूंना बोलवायला आला होता. सहायक धर्मगुरू त्याच्याच मागे बसून गेले होते. सारे विधी वेळेत झाले, आणि सहाच्या सुमारास ते गृहस्थ देवाघरी गेले. ज्यांना आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देत असू, ज्यांनी गंमतीने आम्हांला सांगून ठेवले होते की शेवटी तुम्हीच या, त्यांच्याकडे त्या घटकेला दुसरे कोणी होते. त्यांचे काही उणे राहिले नाही. घरच्यांनीही कधी शब्द काढला नाही. मुलाने दफनविधीनंतर आमचे आभार मानले. त्याला आम्ही काय झाले ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबांनी दोनदा विचारलं तुमचं." एवढेच.

आम्ही धावणे सोडले. उपवासकाळ जवळ आला होता, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून ते सोयीचेही वाटले. उपवासकाळ गेला, पुनरुत्थानाचा सण झाला, पाऊस आला, तरी बूट कपाटातच. आणि आम्ही काही त्यामुळे अधिक चांगले धर्मगुरू झालो नाही. प्रवचने लांबली. वेदीसेवक मुलांवर चिडू लागलो. साखर पुन्हा वर गेली. शेवटी निवासातल्या स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "फादर, तुम्ही धावायला जा बघू, आम्हांला सुख लागू द्या."

मग बसून विचार केला. नासले होते ते काय? सुरुवातीच्या दिवसांत, जेव्हा धावण्यात आनंद होता, तेव्हा आम्ही कुठेही थांबत होतो. आजोबांजवळ थांबलो, फुलवाल्या बायकांजवळ थांबलो, एकदा ओढाळ गाय बांधायला कोणाला मदत केली. थांबल्याने काही कमी झाले असे कधी वाटले नाही, कारण प्रत्येक पावली ते पूर्णच होते. मुक्काम ठरला, पंधरा हा आकडा ठरला, तेव्हापासून थांबणे हे नुकसान झाले. त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आनंद नव्हताच. आम्ही आनंदासाठी कर्तव्य चुकवले असे म्हणण्याचीही सोय नाही. आम्ही एका आकड्यासाठी चुकवले.

त्यावरून आम्ही एक कसोटी बनवली: जी आवड हाक आल्यावर सोडता येते ती खरी आवड, जी सोडवत नाही ती हाव. कसोटी आम्हांला फार आवडली. प्रवचनात दोनदा वापरली. आणि मग एका भगिनीने ती मोडली.

(त्यांनी हे कार्यालयाच्या ओट्यावर विचारले, पापनिवेदनात नव्हे, आणि त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत.) त्या मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका आहेत. लोकलचा प्रवास, पाळीची नोकरी, घरी दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, त्या धावतात. म्हणाल्या, "फादर, धावताना मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचंच नंतर वाईट वाटतं. हाक आली की मी थांबतेच. जन्मभर थांबतेच आहे. मग माझी आवड खरी कधी ठरायची?"

आम्ही आधी ठरावीक उत्तर दिले, की तुमची प्रकृती चांगली राहिली तरच तुम्ही इतरांची सेवा करू शकाल. त्या म्हणाल्या, "तब्येतीसाठी नाही हो धावत मी. मला आवडतं म्हणून धावते."

आमच्या उत्तरात खोट काय होती ते तेव्हा कळले. आम्ही त्यांच्या अर्ध्या तासाला पुन्हा औषध करून टाकत होतो, म्हणजे तो इतरांच्याच खात्यात जमा करत होतो. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात खेळ आणि विनोद यांत सद्गुण असू शकतो का, हा प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. तिथे ते संत योहानाबद्दलची एक जुनी गोष्ट सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना धक्का बसला. तेव्हा त्याने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि विचारले, असे सतत करत राहशील काय? धनुष्य मोडेल, तो म्हणाला. मनाचेही तसेच, असे योहानाचे म्हणणे. अक्विनास पुढे जाऊन म्हणतात, की खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसा त्याचा पूर्ण अभाव हाही दोषच. आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, या दुसऱ्या दोषाला सद्गुण म्हणण्याची पद्धत आहे.

आणि ॲरिस्टॉटलचा मिलो आठवला. मिलो हा नामांकित मल्ल. ॲरिस्टॉटल म्हणतो, मध्यम प्रमाण म्हणजे सर्वांना सारखे प्रमाण नव्हे. मिलोला जेवढे अन्न कमी पडेल, तेवढे नवशिक्याला जास्त होईल. आमची कसोटी आमच्यापुरती होती. ज्याच्या वेळेला कोणी हात लावत नाही, ज्याचे जेवण तयार असते, ज्याला कोणी 'कुठे चाललात' असे विचारलेच तर टोपी काढून विचारतो, त्याने हाकेकडे कान ठेवावा. जिचा एकही तास तिचा नाही, तिला हेच सांगणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहार शिकवणे. त्यांना आम्ही सांगितले, कारण शोधू नका, आवडते एवढे पुरे आहे. आणि त्यांच्या पतीशी बोललो. सज्जन गृहस्थ आहेत. रविवारी दुपारी मित्रांबरोबर पत्ते खेळतात आणि त्यासाठी त्यांनी कधी कोणाची परवानगी मागितल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्यांनाही ते बोलता बोलताच लक्षात आले.

फौजा सिंग यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. मुलाच्या मृत्यूच्या दुःखातून ते उतारवयात धावण्याकडे वळले, २००० साली त्यांनी लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली, आणि २०११ साली, शंभर वर्षांचे असताना, टोरांटोची. जन्माचा दाखला नसल्यामुळे विश्वविक्रमाच्या पुस्तकात त्याची नोंद झाली नाही. पुढे स्पर्धा सोडल्या तरी ते चालत राहिले. जुलै २०२५ मध्ये पंजाबात आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून ते वारले. नोंद नसल्याने त्यांच्या धावण्यातले काय कमी झाले, याचा आम्ही अधूनमधून विचार करतो.

ऑगस्टमध्ये बूट काढले. बुरशी पुसली. घड्याळ भाच्याला परत दिले. त्याला वाईट वाटले, पण त्याला ते उपयोगी पडते. आता फाटकापासून फार लांब जात नाही, वाड्यांच्या रस्त्यांनीच फेऱ्या घालतो. दर फेरीला निवासाचा दरवाजा दिसतो. परवा आजोबा भेटले. "अजून तिथेच परत येता?" म्हणाले. हो म्हटले. "बरं आहे," म्हणाले आणि पाण्याचा पाट फिरवायला वळले.

मोबाईल कंबरेच्या पट्ट्यात असतो. दर पावलाला तो मांडीवर आपटतो आणि त्रास देतो. तसेच धावतो.